मार्क वेबर: जगज्जेतेपद हिरावलं गेलं, की हातून निसटलं?

घाटवळण

२०२५च्या फॉर्म्युला वन मोसमाची शेवटची शर्यत संपली. लँडो नॉरिस दोन गुणांनी जगज्जेता झाला आणि निम्म्याहून जास्त मोसम सगळ्यांच्या पुढे असलेला ऑस्कर पियास्त्री तिसरा राहिला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच सुरू झालं, "ऑस्ट्रेलियनांना अबू धाबी लाभतच नाही." पियास्त्रीचा मॅनेजर म्हणजे मार्क वेबर. २०१० साली त्याच ट्रॅकवर, मोसमाच्या शेवटच्याच शर्यतीत वेबरचंही विजेतेपद गेलं होतं आणि तोही तिसराच राहिला होता. ग्रुपमधल्या बहुतेकांचं ठाम मत आहे की रेड बुल संघाने वेबरचा सहकारी वेटेल याच्यासाठी वेबरचा बळी दिला. मला ते पटत नाही. तिथे मोठ्या आवाजाचा विजय होतो, म्हणून इथे लिहितोय.

आधी थोडी ओळख, कारण २०१४ नंतर फॉर्म्युला वन बघू लागलेल्यांना हा माणूस फक्त पियास्त्रीच्या पाठीमागे उभा असलेला उंच, चौकोनी जबड्याचा गृहस्थ म्हणून माहीत असेल.

जन्म १९७६चा, न्यू साउथ वेल्समधल्या क्वीनबियनचा. गाव राजधानी कॅनबेराला अगदी लागून. वडिलांचा पेट्रोल पंप आणि मोटरसायकलींचा धंदा. लहानपणी कॅनबेरा रेडर्स या रग्बी संघाचा बॉलबॉय होता. कार्टिंग बारा-तेराव्या वर्षी, म्हणजे आजच्या हिशेबाने फारच उशिरा. मग ऑस्ट्रेलियात फॉर्म्युला फोर्ड, आणि १९९६ साली इंग्लंडात ब्रँड्स हॅचचा फॉर्म्युला फोर्ड फेस्टिव्हल जिंकला. १९९७ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये मोसमाच्या मध्येच पैसे संपले, तेव्हा रग्बीतला दिग्गज डेव्हिड कॅम्पीझी याने उसने दिले. अॅन नील ही त्याची मॅनेजर, पुढे बायको. प्रायोजक मिळवण्यासाठी दारोदार हिंडण्याचं काम मुख्यतः तिचं.

आकडे: २१५ शर्यती, ९ विजय, १३ पोल (शर्यतीला सर्वांत पुढून सुरुवात), ४२ पोडियम (पहिल्या तिघांत). २००२ ते २०१३. संघ मिनार्डी, जॅग्वार, विल्यम्स, रेड बुल. पहिला विजय १३०व्या शर्यतीत. त्या काळी पहिल्या विजयासाठी इतकी वाट कोणालाच बघावी लागली नव्हती. हा विक्रम नंतर सर्जिओ पेरेझने मोडला.

आता माझा मुद्दा. २०१०चं जगज्जेतेपद अबू धाबीत गेलं नाही, ब्राझीलमध्येही गेलं नाही. ते तीन आठवडे आधी कोरियाच्या पावसात गेलं, १९व्या फेरीत, आणि तिथे गाडीत वेबर एकटाच होता. शर्यतीआधी तो २२० गुणांवर, फेरारीचा अलोन्सो आणि वेटेल दोघेही २०६वर. चौदा गुणांची आघाडी होती. बाराव्या वळणातून बाहेर पडताना चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या पट्ट्यावर) गेलं, गाडी फिरली, भिंतीवर आदळली आणि उलट घरंगळत येऊन रोझबर्गलाही घेऊन गेली. अलोन्सोने शर्यत जिंकली आणि एका दुपारीत अकरा गुणांनी पुढे गेला. गंमत म्हणजे त्याच शर्यतीत वेटेलचं इंजिन गेलं. वेबर नुसता दुसरा आला असता तरी पुढची शर्यत तो चैनीत चालवू शकला असता.

बोला.

कोपऱ्यातला

अर्धवट हिशेब. कोरियानंतरच्या ब्राझीलच्या शर्यतीत वेटेल पहिला, वेबर दुसरा. संघाने अदलाबदल केली असती तर अबू धाबीला जाताना वेबर २४५ आणि अलोन्सो २४६. एका गुणाचा फरक. प्रत्यक्षात तो २३८ घेऊन गेला, म्हणजे आठ गुण मागे. फेरारीने त्याच वर्षी हॉकेनहाइमला आपलाच दुसरा ड्रायव्हर फेलिपे मासा याला बाजूला करून अलोन्सोला सात गुण दिलेच होते ना? एका संघाने आपल्या माणसासाठी लाज सोडली, दुसऱ्याने "आमच्याकडे दोघे समान" म्हणत हात बांधले. आणि समान तरी कुठे? सिल्व्हरस्टोनचं काय?

मृद्गंधा

मी फॉर्म्युला वन बघत नाही. घरात एक बघणारा आहे, त्यामुळे रविवारी टीव्ही मिळत नाही एवढाच माझा संबंध. पण धागा वाचतेय. एकाच संघातले दोघे एकमेकांशी का भांडतात हे कोणी सांगेल का? आणि सिल्व्हरस्टोनला काय झालं?

घाटवळण

मृद्गंधाताई, प्रत्येक संघाच्या दोन गाड्या. दोघांचे गुण मिळून संघाचं विजेतेपद, पण ड्रायव्हरचं विजेतेपद वेगळं आणि ते एकालाच मिळतं. गाडी सारखी असल्यामुळे तुमची लायकी जग तुमच्या सहकाऱ्याशीच तोलतं. म्हणून तोच पहिला शत्रू.

सिल्व्हरस्टोन २०१०: रेड बुलने पुढच्या पंखाची नवी रचना आणली होती, नग फक्त दोन. शनिवारी सरावात वेटेलचा तुटला. संघाने वेबरच्या गाडीवरचा काढून वेटेलच्या गाडीला लावला, कारण त्या क्षणी गुणतक्त्यात वेटेल पुढे होता. वेटेलने पोल घेतला. रविवारी सुरुवातीलाच वेबर पुढे घुसला, वेटेलचं टायर फाटलं आणि वेबर जिंकला. रेषा ओलांडल्यावर रेडिओवर म्हणाला, "दोन नंबरच्या ड्रायव्हरच्या मानाने बरं जमलं."

त्याआधी दोनच आठवडे व्हॅलेन्सियाला त्याची गाडी कोवालायनेनच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढून हवेत पूर्ण उलटी झाली होती. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. खाली आल्यावर टायरांच्या भिंतीत घुसली आणि हा चालत बाहेर आला.

यारातीरी

मेलबर्नहून लिहितोय, त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा नको.

२०१०च्या आकडेमोडीत सगळे अडकतात, मला २००२ सांगायचंय. आल्बर्ट पार्क, वेबरची पहिली फॉर्म्युला वन शर्यत. मिनार्डी म्हणजे तक्त्याच्या तळाचा संघ, मालक पॉल स्टॉडार्ट, तोही ऑस्ट्रेलियन. मी तेव्हा या शहरात नवा होतो, ऑफिसातल्या एकाने तिकीट दिलं म्हणून गेलो. नियम काय, कोण कोणत्या गाडीत, काही कळत नव्हतं. पहिल्याच वळणावर राल्फ शूमाखर बारिकेलोच्या मागच्या बाजूवर चढून हवेत गेला आणि मागे एकच चेंगराचेंगरी. आठ गाड्या तिथेच बाद. अठराव्या जागेवरून निघालेला वेबर त्या भंगारातून वाट काढत निघाला.

शेवटी शेवटी तो पाचवा होता आणि मागून मिका सालोची टोयोटा प्रत्येक फेरीला जवळ येत होती. टोयोटाचीही ती पहिलीच शर्यत, पण पैशाच्या बाबतीत दोन्ही संघांत जमीन-अस्मानाचं अंतर. माझ्या शेजारी बसलेले आजोबा दर फेरीला मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. मग सालो घसरून फिरला. आजोबांनी मोजणं थांबवलं आणि टोपी काढून हवेत फेकली, ती तीन रांगा पुढे जाऊन पडली.

पाचव्या स्थानाचे तेव्हा दोन गुण मिळायचे. मायकल शूमाखर जिंकला, त्याचा सोहळा झाला, आणि तो उरकल्यावर स्टॉडार्ट आणि वेबर ऑस्ट्रेलियाचा झेंडा घेऊन त्याच पोडियमवर चढले. पाचव्या आलेल्या माणसासाठी पोडियम! मिनार्डीला त्या अख्ख्या वर्षात मिळालेले गुण तेवढेच दोन.

चाकण_नाइट_शिफ्ट

+१ यारातीरी. पण त्याच्याही आधी, १९९९चं ल मां, फ्रान्समधली २४ तासांची शर्यत. या माणसाचं करिअर सुरू व्हायच्या आधीच संपायला आलं होतं.

१९९८ला मर्सिडीजकडून बर्न्ड श्नायडरच्या जोडीने जीटी गाड्यांच्या जागतिक मालिकेत दुसरा आला होता. पुढच्या वर्षी मर्सिडीजने ल मांच्या २४ तासांसाठी सीएलआर नावाची गाडी आणली. दिसायला देखणी, सपाट, माशासारखी. तिचा दोष चाकांच्या मांडणीत होता. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर कमी, आणि चाकांच्या पुढे-मागे बाहेर निघालेला भाग लांबलचक. तळ सपाट. अशी गाडी उंचवट्यावरून गेली किंवा दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे, हवेच्या घुसळणीत शिरली, की पुढच्या भागावरचा दाब कमी होतो आणि नाक जरासं उचललं जातं. नाक उचललं की हवा तळाखाली शिरते आणि तो सपाट तळच विमानाच्या पंखाचं काम करू लागतो. लांब नाकामुळे उचलणाऱ्या बलाला तरफ मिळते. पुढचं ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पात्रता फेरीत वेबरची गाडी अशीच उडाली. टीव्हीवर ते आलंच नाही. गाडी पुन्हा उभी केली. शनिवारी सकाळी सरावात, म्युलसानच्या सरळ रस्त्यावरच्या उंचवट्यावर, ती परत उडाली आणि पाठीवर पडली. वेबरची गाडी मागे घेतली, पण मर्सिडीजने बाकीच्या दोन गाड्या पुढे छोटे पंख लावून शर्यतीत उतरवल्या! संध्याकाळी पीटर डम्ब्रेकची गाडी उडाली, हवेत गिरक्या घेत कुंपणापलीकडे झाडांत पडली. तो वाचला हे नशीब. मग कुठे मर्सिडीजने माघार घेतली. याच ट्रॅकवर १९५५ साली त्यांची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त माणसं गेली होती, तरीही तीन वेळा उडेपर्यंत थांबले नाहीत. मी स्वतः टेस्टिंगच्या कामात आहे. एकदा जे झालं ते पुन्हा होणार, हे मोजमापात दिसत असताना "ड्रायव्हरला सांभाळून चालवायला सांगा" असं म्हणणारी माणसं आमच्याकडेही भेटतात. त्यामुळे हा किस्सा मला जरा जास्तच झोंबतो.

दोनदा उलटल्यावर तिसऱ्यांदा रेसिंग गाडीत बसायची हिंमत कुठून आणली असेल? २०००, २००१ फॉर्म्युला ३०००मध्ये तिसरा आणि दुसरा. मग मिनार्डी.

कोपऱ्यातला

सगळं खरं, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. तुर्कस्तान २०१०. वेबर पुढे, वेटेल मागे. वेबरला इंधन वाचवायला सांगितलं होतं. वेटेल डाव्या बाजूने बरोबरीत आला आणि मग उजवीकडे वेबरच्या गाडीवर वळला. स्वतः बाद झाला आणि गाडीतून उतरून कानाजवळ बोट फिरवत वेबर वेडा आहे असं जगाला दाखवलं. मॅकलॅरनचे हॅमिल्टन-बटन फुकटात पहिले-दुसरे. आणि रेड बुलच्या हेल्मुट मार्कोने दोष कुणाला दिला? वेबरला!

घाटवळण

त्या धडकेत चूक वेटेलची, यावर दुमत नाही. मार्कोचं वेटेलप्रेम तर लपलेलंच नव्हतं. पण तुमच्या बाजूने मांडलेली प्रत्येक गोष्ट उलट बाजूनेही मांडता येते. बहरीनला वेटेल जिंकत होता, स्पार्क प्लगने घात केला, चौथा आला. ऑस्ट्रेलियात जिंकत होता, गाडीच्या बिघाडाने बाहेर. कोरियात जिंकत होता, इंजिन पेटलं. या तिन्ही ठिकाणी गाडी धड राहिली असती तर अबू धाबीपर्यंत चुरसच उरली नसती. त्या वर्षी वेटेलचे पोल दहा, वेबरचे पाच. विजय पाच विरुद्ध चार. एकाच गाडीत!

म्हणजे वेबरला विजेतेपदाच्या दारापर्यंत नेण्यात वेटेलच्या गाडीच्या बिघाडांचाही वाटा होता. आणि दारात पोचल्यावर पाय घसरला तो त्याचा स्वतःचा.

रविवारची_झोप

वेबर म्हणजे फॉर्म्युला वनचा द्रविड. विषय संपला.

कोपऱ्यातला

द्रविडने कधी कप्तानाचा निरोप धुडकावून लावल्याचं ऐकिवात नाही. वेबरने धुडकावला आहे. विषय संपला नाही.

चाकण_नाइट_शिफ्ट

कोरियाबद्दल एक भर. जपानच्या शर्यतीआधी वेबर माउंटन बाइकवरून पडला होता आणि खांद्याचं हाड तडकलं होतं. संघाला सांगितलं नाही. बाहेर आलं ते मोसम संपल्यावर त्याच्या पुस्तकातून. जपानला त्याच खांद्याने दुसरा आला. कोरियातल्या चुकीशी खांद्याचा संबंध जोडावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी जोडणार नाही, तो कर्ब पावसात कुणालाही फिरवू शकला असता.

सायकलचं आणि त्याचं गणित कधी जमलंच नाही. नोव्हेंबर २००८ला टास्मानियात स्वतःच भरवलेल्या साहसी शर्यतीत सायकलवर असताना समोरून आलेल्या जीपवर आदळला. उजव्या पायाची हाडं मोडली, आत धातूची सळई घातली. मार्चमध्ये मोसम सुरू होणार. तेव्हाही खांद्याला इजा झाली होती आणि तीही लपवली. लंगडत लंगडत गाडीत बसायचा. आणि त्याच २००९ साली, जुलैत, नुर्बुर्गरिंगला पहिला पोल आणि पहिला विजय! तोही सरळ नाही. सुरुवातीला बारिकेलोला धक्का दिला म्हणून पिटमधून (टायर बदलायच्या गल्लीतून) सावकाश जाण्याची शिक्षा मिळाली. ती भोगूनही वेटेलला नऊ सेकंद मागे ठेवून जिंकला. १९८१ साली लास वेगासला अॅलन जोन्स जिंकल्यापासून एकाही ऑस्ट्रेलियनाने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली नव्हती. रेषा ओलांडल्यावर रेडिओवर तो जे ओरडला ते अजून ऐकलं की अंगावर काटा येतो.

मृद्गंधा

आता मात्र मला हा माणूस आवडायला लागलाय. पण अबू धाबीला नेमकं काय झालं ते अजून कोणीच सांगितलं नाही. सगळे त्याच्याभोवती फिरताय.

घाटवळण

सांगतो, कारण हा भाग डावपेचांचा आहे आणि मजेशीर आहे.

शर्यतीआधी अलोन्सो २४६, वेबर २३८, वेटेल २३१, हॅमिल्टन २२२. वेटेल पोलवर, अलोन्सो तिसरा, वेबर पाचवा. अलोन्सोला नुसतं वेबरच्या पुढे आणि पहिल्या चारांत राहायचं होतं. पहिल्याच फेरीत मायकल शूमाखरची गाडी फिरली, लिउत्झी त्याच्यावर चढला, सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना तिच्यामागे सावकाश चालावं लागलं. मागच्या काहींनी तेवढ्यात टायर बदलून घेतले, त्यांत रेनॉचा विताली पेत्रोव्ह. त्याचं सक्तीचं टायरबदल उरकलं, तो आता थेट शेवटपर्यंत जाऊ शकत होता.

वेबरचे मऊ टायर लवकर गेले. अकराव्या फेरीला तो पिटमध्ये आला. फेरारीची नजर फक्त वेबरवर, कारण तक्त्यात दुसरा तोच. त्याने टायर बदलले म्हणून चार फेऱ्यांनी त्यांनी अलोन्सोलाही आत बोलावलं. तो बाहेर आला वेबरच्या पुढे, पण पेत्रोव्हच्या मागे. तिथेच सगळं संपलं. अबू धाबीच्या त्या ट्रॅकवर पुढे जायला जागा नाही आणि रेनॉ सरळ रस्त्यावर वेगवान. उरलेली सगळी शर्यत पेत्रोव्ह, अलोन्सो, वेबर अशी आगगाडी चालली. वेटेल पुढे एकटा, निवांत. शेवट: वेटेल पहिला, पेत्रोव्ह सहावा, अलोन्सो सातवा, वेबर आठवा. वेटेल २५६, अलोन्सो २५२, वेबर २४२. त्या अख्ख्या वर्षात वेटेल गुणतक्त्यात पहिल्यांदाच अव्वल आला, तो थेट शेवटच्या दिवशी.

काही जण म्हणतात वेबरला मुद्दाम लवकर बोलावून अलोन्सोसाठी सापळा लावला. मला ते कारस्थान वाटत नाही. त्या टायरांवर तो फेरीगणिक वेळ गमावत होता. पण फेरारी आमिषाला भुलली हे खरंच.

नंदू_नेरुळ

बुद्ध सर्किटचा उल्लेख कसा नाही? ग्रेटर नॉयडा, २०११, भारतातली पहिली ग्रां प्री. मित्रांची टोळी घेऊन गेलो होतो. शुक्रवारी सराव सुरू होतो न होतो तोच ट्रॅकवर कुत्रा! लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला. लाजही वाटली आणि हसूही आवरेना. ट्रॅकवर धूळ इतकी की ठरलेली रेषा सोडून जरा बाहेर गेलेली गाडी मागे पांढरा ढग सोडायची.

वेबर चौथा आला, वेटेल जिंकला. २०१२ला तिसरा, तेही ऊर्जा साठवून परत देणारी केर्स यंत्रणा बंद पडल्यावर अलोन्सो पुढे निघून गेला म्हणून. २०१३ला अल्टरनेटर गेला, निवृत्त. तिन्ही वर्षं वेटेलच जिंकला. म्हणजे आपल्या देशातही या गड्याच्या वाट्याला तेच.

मला प्रत्यक्ष बघून एक जाणवलं: तो इतरांपेक्षा बराच उंच आहे. सहा फुटांच्या वर. याचा खेळावर परिणाम होतो का?

चाकण_नाइट_शिफ्ट

होतो, आणि चांगलाच. त्या काळात गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन ठरलेलं असायचं. ड्रायव्हर हलका असेल तर उरलेलं वजन शिशासारख्या जड धातूच्या रूपात तळाशी, हवं तिथे ठेवता येतं. ड्रायव्हर उंच आणि भारी असेल तर तेच वजन बसल्या जागी, उंचावर. केर्सच्या बॅटऱ्या आल्या तेव्हा तर उरलंसुरलं वजनही त्यात गेलं. वेबर वर्षभर उपाशीपोटी असल्यासारखा दिसायचा ते उगाच नाही. ड्रायव्हरचं वजन वेगळं धरायचा नियम आला २०१९ला.

पण २०११पासून तो वेटेलच्या मागे पडला त्याचं मोठं कारण टायर आणि एक्झॉस्ट. ब्रिजस्टोन गेले, पिरेली आले. वेबर जोर लावून, उशिरा ब्रेक मारून चालवणारा, त्याच्याकडून पिरेली लवकर झिजायचे. त्यातच रेड बुलने एक्झॉस्टचा झोत डिफ्यूझरकडे, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाच्या तळाकडे, वळवला होता. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला तरी इंजिन झोत चालू ठेवायचं, त्यामुळे मागची चाकं वळणात चिकटून राहायची. त्याचा फायदा घ्यायचा तर मागचा भाग सुटेल असं वाटत असतानाच अॅक्सिलरेटर दाबावा लागतो. वर्षानुवर्षांच्या सवयीच्या अगदी उलट. वेटेलने ते आत्मसात केलं, वेबरला पुरतं जमलं नाही. २०११ला वेटेलचे ११ विजय, वेबरचा एक, तोही शेवटच्या शर्यतीत.

त्याचे नऊ विजय बघा: मोनाको दोनदा, सिल्व्हरस्टोन दोनदा, ब्राझील दोनदा, नुर्बुर्गरिंग, बार्सिलोना, हंगेरी. सहाच ट्रॅक. जिथे वेगवान वळणात छाती लागते किंवा भिंती जवळ असतात, तिथला तो राजा. बाकी ठिकाणी सुरुवातीलाच दोन-चार जागा घालवायचा. क्लच सोडण्याच्या बाबतीत हा गडी शेवटपर्यंत शिकाऊच राहिला.

कोपऱ्यातला

आणि मल्टी २१? मलेशिया २०१३? शेवटच्या टायरबदलानंतर वेबर पुढे. संघाचा संदेश "मल्टी २१", म्हणजे दोन नंबरची गाडी पुढे, एक नंबरची मागे, याच क्रमाने रेषेपर्यंत या. वेबरने इंजिनाची ताकद कमी केली. वेटेल तिथेच चालून आला. भिंतीला घासत घासत पुढे गेला आणि जिंकला. पोडियमआधीच्या खोलीत वेबर त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मल्टी २१, सेब." वेटेलने आधी माफी मागितली, पुढच्या शर्यतीला चीनमध्ये म्हणाला, पुन्हा तसंच करीन, वेबर त्या विजयाला लायक नव्हता. याला काय म्हणाल?

घाटवळण

दगाबाजी म्हणेन. आणि लगेच विचारेन, सिल्व्हरस्टोन २०११ला काय झालं? शेवटच्या फेऱ्यांत वेबर वेटेलच्या शेपटीला लागला होता. रेडिओवर "अंतर राख" असा आदेश पुन्हापुन्हा आला. वेबरने ऐकला नाही, शेवटच्या फेरीपर्यंत हल्ला चालू ठेवला. जागा मिळाली नाही म्हणून तिसरा राहिला. मिळाली असती तर? २०१२ला ब्राझीलमध्ये वेटेलचं विजेतेपद पणाला लागलं असताना सुरुवातीला त्याला भिंतीकडे दाबणारा कोण? वेबरच. वेटेलने मलेशियात जुना हिशेब चुकता केला. साधू दोघांतही नव्हता, आणि साधू असता तर मी हा धागा काढला नसता.

यारातीरी

हे मान्य. इथे लोकांना तो आवडतो तो भांडखोर म्हणूनच.

शेवट मात्र छान झाला. जून २०१३ला निवृत्ती जाहीर केली, ब्राझीलची शेवटची शर्यत दुसऱ्या स्थानावर संपवली, आणि परतीच्या फेरीत हेल्मेट काढून उघड्या डोक्याने गाडी चालवत आला. नंतर पोर्शे. पंधरा वर्षांनी परत त्याच ल मांला! २०१४ला शर्यत संपायला थोडे तास उरले असताना वेबरच्या हातात गाडी बंद पडली. २०१५ला दुसरा. त्याच वर्षी टिमो बर्नहार्ड आणि ब्रेंडन हार्टली यांच्यासोबत नुर्बुर्गरिंग, ऑस्टिन, फुजी, शांघाय अशा सलग चार शर्यती जिंकून सहनशक्तीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींचा जगज्जेता झाला. बहरीनच्या शेवटच्या शर्यतीत गाडी कुरकुरत होती, कसाबसा पाचवा क्रमांक मिळाला आणि पाच गुणांनी विजेतेपद आलं. तेव्हा "जगज्जेता नाही" म्हणणाऱ्यांनी जरा जपून. २०१६च्या शेवटी रेसिंग सोडलं.

रविवारची_झोप

ते वेगळ्या खेळाचं विजेतेपद.

यारातीरी

चोवीस तासांची शर्यत एकदा जागून बघा, मग बोलू. आयडीच "रविवारची झोप" आहे म्हटल्यावर जमणं कठीण.

मृद्गंधा

😂 मग आता मॅनेजर म्हणून तो पियास्त्रीला काय शिकवत असेल? आदेश पाळ की पाळू नको?

घाटवळण

मला खरा रस त्यातच आहे. २०२५ला मॉन्झात त्याचाच सहकारी असलेल्या नॉरिसचं टायर बदलताना पिटमध्ये वेळ गेला, पियास्त्री पुढे आला, आणि मॅकलॅरनने त्याला जागा परत द्यायला सांगितली. रेडिओवर जराशी कुरकुर करून त्याने दिली. सिल्व्हरस्टोन २०११चा वेबर तिथे काय करता हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण २०२४ला हंगेरीत नॉरिसने जागा परत दिली म्हणूनच पियास्त्रीचा पहिला विजय झाला होता, त्यामुळे त्याला नाही म्हणणंही सोपं नव्हतं. वेबरकडे असा देण्या-घेण्याचा हिशेब कधी नव्हताच. त्याच्या गॅरेजमध्ये सगळं उधारीवर चालायचं आणि वसुली ट्रॅकवर व्हायची.

आणि पियास्त्रीचं विजेतेपदही मॉन्झात गेलं नाही. बाकूला सुरुवात चुकवून पहिल्याच फेरीत भिंतीत गाडी घातली, तिथून घसरण लागली. माझ्या कोरियाच्या मुद्द्याला हा दुसरा पुरावा समजा. कोपऱ्यातले काका, आता तरी?

कोपऱ्यातला

नाही. ब्राझीलचे सात गुण परत करा, मग बोलू.

नंदू_नेरुळ

तुम्ही दोघं चालू द्या. पण चाळीसएक फेऱ्या अलोन्सोला मागे दाबून धरणाऱ्या त्या पेत्रोव्हवर कोणी धागा काढणार आहे का? त्या दिवशी खरी शर्यत चालवली ती त्यानेच.